नळस्टॉपला मी एका गाडीचा आरसा फोडला. आता पोलिसात जाऊ की नको?

सकाळपाळी

मोठं लिहिते आहे, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

मी एका रुग्णालयात एक्स-रे काढते. पुण्यात वारज्याहून डेक्कनच्या पलीकडे, रोज सायकलने. सहा वर्षं झाली. पहिली पाळी सातची, म्हणून सहा वाजून दहा मिनिटांनी घर सोडते. कर्वेनगर, कर्वे पुतळा, पौड फाटा, नळस्टॉप. त्या वेळेला रस्ता तसा मोकळा असतो. दूधवाले, शाळेच्या व्हॅन, पोह्यांच्या गाड्यांभोवती उभी असलेली मुलं, बाकी फार नाही.

एसएनडीटी कॉलेज मागे पडलं की उड्डाणपुलाची चढण सुरू होते. वर मेट्रो, तिच्याखाली पूल, आणि ज्यांना पुलावर जायचं नाही त्यांच्यासाठी कडेला उरलेली पट्टी. २०२२ मध्ये पूल झाला तेव्हापासून मला त्या पट्टीची धास्ती आहे. एका बाजूला पुलाची भिंत, दुसऱ्या बाजूला फुटपाथ. त्यात मी आणि एक मोटार शेजारी शेजारी मावतो, पण मधे काही उरत नाही.

मागच्या गुरुवारी तिथे एक पांढरी गाडी मागे लागली. नुसता हॉर्न. मी फुटपाथला चिकटून जमेल तितकी पुढे चालले होते. पट्टी संपायला शंभरएक फूट असतील, तेवढ्यात तो डाव्या अंगाने मला घासून पुढे गेला. त्याचा आरसा माझ्या कोपराला लागला. रक्त वगैरे काही नाही, पण हँडल हललं आणि पुढचं चाक दोनदा फुटपाथच्या दगडाला घासलं. त्या दोन-तीन सेकंदांत मला जे वाटलं ते इथे लिहिता येत नाही.

नळस्टॉपच्या सिग्नलला तो उभा होताच. मी डाव्या खिडकीशी गेले, काचेवर टकटक केली. काच अर्धी खाली आली. पन्नाशीचा माणूस, एकटाच. मी म्हटलं, "तुमचा आरसा मला लागला, दिसलं का?" तो म्हणाला, "मग कडेला मरायचं ना." आणि काच वर घ्यायला लागला. त्या वर येणाऱ्या काचेत मला माझंच तोंड दिसलं. हेल्मेट वाकडं झालेलं, तोंड उघडं. सायकलच्या चौकटीला पाण्याची बाटली असते, स्टीलची, भरलेली. ती काढली आणि आरशावर घातली. काच जाळीसारखी तडकली, आरसा वायरवर लोंबायला लागला. सिग्नल सुटला. मी डावीकडच्या गल्लीत घुसले आणि पळाले. हो, पळाले.

त्या दिवशी कामावर हात थरथरत होता. एका आजोबांच्या छातीची फिल्म मला परत काढावी लागली. घरी कुणाला सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी, त्याच पट्टीत, तीच गाडी. डाव्या आरशाला खाकी चिकटपट्टी गुंडाळलेली, म्हणून लगेच ओळखली. तो माझी वाट बघत थांबला होता की योगायोग, मला सांगता येणार नाही. या वेळी हॉर्न नाही. शांतपणे पुढे गेला, माझ्यासमोर आला आणि कचकन ब्रेक मारला. पुढे काहीही नव्हतं. रस्ता रिकामा होता. मी दोन्ही ब्रेक दाबले, मागचं चाक उचललं गेलं आणि डाव्या हातावर फुटपाथच्या ब्लॉकवर पडले. तो दोन क्षण थांबला, आरशात बघितलं असणार, आणि गेला. नंबर माझ्या लक्षात आहे.

डावं मनगट सुजलं आहे. सहकारी मैत्रिणीने तिथल्या तिथे एक्स-रे काढला, फ्रॅक्चर दिसत नाही. पण अंगठ्याच्या बुडाशी जो खळगा असतो तिथे दाबलं की जीव जातो, आणि हे दुखणं मी रोज दुसऱ्यांच्या हातांत बघते. तिथलं स्कॅफॉईड नावाचं छोटं हाड मोडलं असेल तर पहिल्या फिल्मवर बऱ्याचदा दिसत नाही. दहा ते चौदा दिवसांनी परत काढावी लागते.

आता नवऱ्याला सगळं सांगितलं आहे. तो म्हणतो तक्रार दे, पण आरशाचं बोलू नकोस. सासूबाई म्हणतात, हात गेला नाही ना, मग सोड, बस धर. माझा प्रश्न असा आहे: तक्रार दिली तर आरशाचं प्रकरण माझ्यावर उलटेल का? आणि त्या आरशाचे पैसे मी त्याला द्यावेत का? की त्याने मला पाडलं तेव्हा तो हिशेब मिटला?

पेडलफिरव्या

ताई, आरसा फोडलात ते बरोबरच केलंत, त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. मी दहा वर्षं या शहरात सायकल चालवतो आहे, दोनशे आणि तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांबच्या सायकल फेऱ्या, केल्या आहेत. दिवे लावतो, जॅकेट घालतो, सिग्नल पाळतो. तरी महिन्यातून दोनदा कुणीतरी मला रस्त्यावरून ढकलायला बघतो. यांना समजावून काही होत नाही, पोलीस लिहून घेत नाहीत. काचेला धक्का बसला की मात्र पुढच्या वेळी सायकल दिसते. आता हेल्मेटला कॅमेरा लावा आणि आरशाचा विषय काढूच नका. पुरावा त्याच्याकडे आहे का? नाही. मग झालं.

टूरवाला

ताई नमस्कार. मी बावीस वर्षं गाडी चालवतो, आधी मालकाची, आता स्वतःची, टूरला आणि एअरपोर्टला. आधी सांगतो, सोमवारी त्या माणसाने केलं ते ड्रायव्हरचं काम नाही. मोकळ्या रस्त्यावर पुढ्यात येऊन ब्रेक मारणं म्हणजे समोरच्याच्या जिवाशी खेळ. आमच्या स्टँडवर कुणी असं केलेलं कळलं तर त्याला आम्ही चहालासुद्धा बोलावणार नाही.

पण गुरुवारचं मला वेगळं वाटतं. तुम्ही गाडीच्या आत बसून बघा. मी उजव्या कोपऱ्यात बसलेला. डावीकडचा पत्रा कुठे संपतो ते मला दिसत नाही, अंदाजानेच चालतो. पुढच्या काचेच्या डाव्या खांबामागे एक सायकलवाला अख्खा लपतो. डाव्या आरशाची काच फुगीर असते, त्यात सगळं लांब दिसतं. तुम्ही म्हणता मधे काही उरत नव्हतं, त्याला वाटलं असेल हातभर आहे. हॉर्न मारून मारून डोकं फिरलेलं असलं की हातभराचा दीड हात वाटायला लागतो. त्याची चूक आहेच. जागा दिसत नाही तर घुसायचं नाही, हे मला पहिल्या मालकाने शिकवलं होतं.

आता तुमच्या कामाचं. तुम्ही फुटपाथला चिकटता ना, तिथेच घात होतो. सायकल कडेला सरकली की मागच्याला वाटतं आपल्याला जागा दिली. मग तो घुसणारच. तेवढ्या शंभर-दोनशे फुटांच्या पट्टीत मधोमध चाला. मागचा शिव्या देईल, हॉर्न देईल, देऊ दे, पण घुसायला त्याला जागाच नाही. पट्टी संपली की कडेला व्हा, हात दाखवा, तो जाईल. माझ्या भाच्याला हेच सांगितलं आहे, तो डबे पोचवतो सायकलवर.

आणि आरशाचं बोललात म्हणून. साधी गाडी असली तर हजार-बाराशेत होतो, बटणावर मिटणारा आरसा असला तर सहा-सात हजार जातात. माझा एकदा फुटला होता, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. कुणी फोडला कळलं नाही. पुढचे दोन महिने प्रत्येक सायकलवाल्याकडे मी रागाने बघायचो. ज्यांनी काही केलं नाही त्यांच्याकडेसुद्धा. एकाला मी मुद्दाम दाबला पण. शाळेतला पोरगा होता. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

सकाळपाळी

टूरवाले दादा, तुमचा शेवटचा परिच्छेद मी तीनदा वाचला. गुरुवारी ज्या माणसावर मी बाटली उगारली तो सोमवारपर्यंत माझ्या डोक्यात फक्त आरसा फुटलेला माणूस होता. शुक्रवारी आणि शनिवारी त्या रस्त्याने जाणाऱ्या दुसऱ्या सायकलवाल्यांचं काय झालं असेल, हा विचार मी केलाच नव्हता. सहा वाजता तिथून पेपर टाकणारी दोन मुलं जातात.

मधोमध चालायचं धाडस मला कधी झालं नाही. बाई मधोमध चालली की मागून काय काय ऐकू येतं ते इथल्या बायकांना माहीत आहे. पण हात बरा झाला की करून बघणार.

पेडलफिरव्या, राग समजतो, माझाही तोच होता. पण "पुढच्या वेळी सायकल दिसते" हे खरं नाही. त्याला सायकल दिसली, म्हणूनच तर त्याने ब्रेक मारला.

पेडलफिरव्या

तो एक माणूस वाईट निघाला म्हणून सगळ्यांनी मान खाली घालून चालायचं का? मी माझं मत बदलणार नाही. हात लवकर बरा होवो.

जुनी हर्क्युलस

मुली, माझं वय आता शहात्तर. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी केली. पाळी सुटली की होळकर पुलावर सायकलींच्या रांगा लागायच्या, मोटार आली तर तिला सायकलींच्या मागे सरपटत यावं लागायचं. तेव्हा सायकलला पालिकेचा बिल्ला लागायचा, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट पकडलं तर पोलीस चाकातली हवा सोडून द्यायचा आणि घरापर्यंत ढकलत न्यावी लागायची. भांडणं तेव्हाही व्हायची. हँडलला हँडल अडकायचं, कॉलर धरली जायची. पण दोघेही जमिनीवर उभे असायचो. तोंडासमोर तोंड. कोण केवढा आहे, कुणाचा हात थरथरतो आहे, ते दिसायचं. बहुतेकदा तिसरा कुणीतरी येऊन दोघांना बाजूला करायचा.

१९७९ साली मी एका रिक्षावाल्याला कानाखाली मारली होती. बुधवार चौकात. त्याने माझं पुढचं चाक वाकवलं होतं, म्हणजे चूक त्याचीच. नंतर तीन महिने मी त्या चौकातून गेलो नाही. रोज लांबून जायचो, पंधरा मिनिटं जास्त, आणि घरी सांगायचो की रस्ता खोदला आहे. तू गुरुवारी गल्लीत घुसलीस ते वाचून ते आठवलं. तू मात्र सोमवारी परत त्याच रस्त्याने गेलीस.

शिवाजीनगर कोर्ट

मी फौजदारी वकिली करते, तेव्हा सरळ मुद्द्याचं सांगते.

सगळ्यात आधी: मैत्रिणीने तिथल्या तिथे काढलेला एक्स-रे कागदावर कुठेच नाही. आजच अपघात विभागात जा, केसपेपर काढा, रस्त्यावर पडले आणि कशी पडले ते डॉक्टरांना सांगा, एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद, करून घ्या. तुम्ही त्याच क्षेत्रात आहात, हे तुम्हाला मी सांगायला नको होतं. दुसरं, त्या पट्टीसमोर जी दुकानं असतील त्यांच्या कॅमेऱ्यांचं सोमवारचं चित्रण उद्याच्या उद्या मागा. चित्रण साठवणारा डीव्हीआर भरला की जुनं पुसलं जातं, बऱ्याच दुकानांत आठवड्यात.

आता कलमं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्याने बेदरकारपणे गाडी हाकली हे कलम २८१, आणि त्यामुळे तुम्हाला इजा झाली हे कलम १२५. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, धोकादायक वाहन चालवणं. पण तुमचं म्हणणं तो मुद्दाम थांबला असं आहे. ते सिद्ध झालं तर तो निष्काळजीपणा राहत नाही, जाणूनबुजून केलेली दुखापत होते. साधी असेल तर कलम ११५ (२), एक वर्षापर्यंत शिक्षा आणि अदखलपात्र, म्हणजे ठाण्यात एनसी, नुसती अदखलपात्र नोंद, घेऊन तुम्हाला परत पाठवतील. हाड मोडलेलं असेल तर कायदा त्याला गंभीर दुखापत धरतो. मग कलम ११७ (२), सात वर्षांपर्यंत, दखलपात्र. थोडक्यात, तुमच्या प्रकरणाचं वजन तुमच्या त्या दुसऱ्या एक्स-रेवर आहे. तो चुकवू नका आणि तो तुमच्या मैत्रिणीने नव्हे, रीतसर काढला जाऊ दे.

तुमच्या बाजूचं. आरसा फोडणं हा आगळीक करून नुकसान केल्याचा गुन्हा, कलम ३२४ (२), सहा महिन्यांपर्यंत शिक्षा किंवा दंड, अदखलपात्र, तडजोडपात्र. स्वसंरक्षण म्हणता येणार नाही, कारण सिग्नलला तुमच्या जिवाला धोका उरलेला नव्हता. हो, तो उलट तक्रार देऊ शकतो. आणि २८१ कलमाबद्दल एक गोष्ट सायकलवाल्यांना माहीत नसते: त्यात वाहन हाकणाऱ्याबरोबर स्वार होणाराही येतो. सायकलही त्यातून सुटत नाही.

लपवू नका. त्याने मुद्दाम ब्रेक मारला हे तुम्ही म्हणणार, तर "का मारला" हा पहिला प्रश्न येणार. त्याचं उत्तर आरसा हेच आहे. तोच त्याचा हेतू. आरसा गाळला तर तुमचीच फिर्याद लंगडी होते, आणि तो वकिलामार्फत ते पुढे आणेल तेव्हा तुमच्या बाकी जबाबावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. पैशांचं: द्यायचे असतील तर द्या, पण रस्त्यात गाठून रोख नको. चौकशी सुरू झाली की तपास अधिकाऱ्यासमोर तयारी दाखवा आणि ते लिहून घ्यायला लावा.

इझारकाठ

म्युनिकहून लिहितो, मूळचा सदाशिव पेठेतला. इथे एप्रिल २०२० पासून सायकलस्वाराला ओलांडताना शहरात किमान दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर सोडायचा नियम आहे. म्हणजे ताईंच्या पट्टीसारख्या जागेत सायकल पुढे असताना ओलांडताच येत नाही, मागे राहायचं. टूरवाल्यांनी सांगितलं तेच, फक्त इथे ते लिहिलेलं आहे. लोक इथेही ओरडतात, मलाही ओरडले आहेत. पण भांडण "किती जवळून गेलास" यावर होतं आणि त्याला एक आकडा आहे.

सकाळपाळी

अकरा दिवसांनी लिहिते आहे. विचारणाऱ्यांचे आभार.

स्कॅफॉईड मोडलं आहे. दुसऱ्या फिल्मवर कंबरेशी, म्हणजे हाडाच्या मधल्या निमुळत्या भागात, केसाएवढी काळी रेघ. मी दुसऱ्यांना सांगते तेच मला सांगण्यात आलं, की या हाडाला रक्तपुरवठा कमी असतो, घाई करायची नाही. अंगठ्यासकट प्लास्टर आहे, सहा आठवडे, कदाचित जास्त. एक्स-रे टेबलवर पेशंटला वळवायला दोन हात लागतात, म्हणून सध्या मला नोंदणीच्या खिडकीवर बसवलं आहे.

वकीलताई, तुम्ही म्हणालात त्याच दिवशी केसपेपर आणि एमएलसी झालं. समोरच्या औषधाच्या दुकानवाल्यांकडे सोमवारचं चित्रण होतं. त्यात नंबर दिसत नाही, पण गाडी थांबते ते दिसतं, पुढे रस्ता रिकामा दिसतो आणि मी पडते ते दिसतं. त्यांनी पेन ड्राइव्हवर दिलं, पैसे घेतले नाहीत. चित्रण बघताना मला एक गोष्ट कळली. तो दोन क्षण थांबला नव्हता. डाव्या कोपऱ्यातला आकडा बघितला, नऊ सेकंद थांबला होता. त्याचा उजवा दरवाजा थोडा उघडतो, आणि परत बंद होतो. तो उतरणार होता. का, ते मला माहीत नाही. मारायला की उचलायला. मी ते पंधरा-वीस वेळा बघितलं, दरवाजा तेवढाच उघडतो.

कालच्या शनिवारी ठाण्यात गेलो, नवरा बरोबर होता. तो बाहेर बाकावर बसला. त्याचं अजून म्हणणं होतं की आरसा नको, पण आत येऊन बोलला नाही. हवालदारांनी गुरुवारपासून सुरुवात केलेली बघून पेन थांबवलं. "मॅडम, हे कशाला? तुम्हाला सोमवारची फिर्याद द्यायची आहे ना?" मी म्हटलं, हे आधी झालं म्हणून ते नंतर झालं, दोन्ही लिहा. आरशाचे पैसे द्यायची माझी तयारी आहे, तेही लिहा. त्यांनी एकदा साहेबांच्या खोलीकडे बघितलं, मग लिहायला लागले. मोठ्याने वाचत वाचत. "सिग्नलवर सदर गाडीच्या डाव्या बाजूचा आरसा मी माझ्याजवळील पाण्याच्या बाटलीने फोडला." मग मान वर केली.

"बाटली कसली? प्लास्टिकची?"

"स्टीलची. भरलेली."

त्यांनी 'पाण्याच्या' या शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'भरलेल्या स्टीलच्या' असं घातलं, आणि दुरुस्तीशेजारी माझी सही घेतली.